बौद्धिक दिव्यांग मूल आणि घराचं अर्थकारण: 'आमच्यानंतर काय'च्या अलीकडचं

आडवाट
पालकांच्या कुठल्याही मेळाव्यात तासाभरात एक प्रश्न येतोच: आमच्यानंतर याचं काय? मग कुणी ट्रस्ट सुचवतं, कुणी निवासी संस्थेचा पत्ता देतं, कुणी देवावर सोडतं. त्या प्रश्नाला मी नावं ठेवत नाही, माझीही झोप त्यानेच उडते. पण या धाग्यात त्याच्या अलीकडचं बोलू या. ट्रस्टमध्ये टाकायला पैसा लागतो, तो तिशी-चाळिशीत साठतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत आपल्या घरातली एक कमाई बंद झालेली असते. आमच्यानंतर काय हे इतकं अवघड होऊन बसतं ते आम्ही असताना जे झालं त्यामुळे.

आमची मुलगी आता प्रौढ आहे. दिव्यांगत्व मध्यम गटातलं. हाताने जेवते, आंघोळ करते, टीव्हीचा रिमोट आमच्यापेक्षा सफाईने चालवते. मागच्या बाजूची बटणं लावता येत नाहीत, सुट्टे पैसे कळत नाहीत, आणि अनोळखी माणसाने बेल वाजवली तरी हसून दार उघडते. त्यामुळे तिला घरात एकटं ठेवता येत नाही. कधीच. आमचं सगळं अर्थकारण या एका गोष्टीभोवती फिरतं.

थेरपीचा खर्च दिसतो, कारण त्याची पावती असते. स्पीच थेरपी, ओटी (रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी), शाळेची फी, फिट्सच्या गोळ्या, रिक्षा. कुणी विचारलं की आपण हेच आकडे सांगतो. मी नोकरी सोडली त्याची पावती नाही. लोकांना वाटतं पगार गेला. पगाराबरोबर पुढच्या सगळ्या वेतनवाढी गेल्या, पीएफ गेला, ग्रॅच्युइटी गेली, ऑफिसचा आरोग्यविमा गेला, आणि माझ्या म्हातारपणाची सोयही गेली. नवऱ्याने बढती नाकारली, कारण तिच्यासोबत बदली होती आणि बदलीच्या गावी विशेष शाळा नव्हती. शाळेजवळ राहायचं म्हणून भाडं जास्त. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुठल्याही सरकारी अर्जात रकाना नाही.

तुमच्याकडे काय झालं? आकडे द्यायचे नसतील तर नका देऊ. कमाई कुणाची थांबली, आणि पुन्हा सुरू झाली का, एवढं तरी लिहा.

तळटीप
+१. आमच्याकडेही आईचीच. हा प्रश्न विचारायची तरी गरज होती का? :)

फळा
मी तालुक्याच्या ठिकाणी विशेष शिक्षिका आहे. आडवाटताईंनी लिहिलं ते पटलंच, पण आमच्या शाळेतल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे आईला नोकरी सोडायचा प्रश्नच येत नाही, कारण तिला सोडायला नोकरीच नसते. रोजंदारी असते. ती सोडता येत नाही आणि धडपणे करताही येत नाही. मग मोठी बहीण शाळा सोडते. आमच्या रजिस्टरमध्ये एका मुलाचं नाव असतं, प्रत्यक्षात त्या घरातल्या दोन मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त, असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. कागदावर फी शून्य. पण मुलाला सोडायला आणि आणायला कोण येणार? मुलगा एकटा एसटीत बसू शकत नाही, म्हणजे मोठं माणूस रोज दोनदा. त्या माणसाची मजुरी गेली. म्हणून मुलं पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत शाळेत नसतात. आळस नाही त्यात, दुष्टपणाही नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचंही तसंच. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, ठरलेल्या वारी, रांगेत. मूल सांभाळायला एक आणि खिडकीशी उभं राहायला एक, म्हणजे दोघांचा दिवस बुडतो. त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ रजेवर असले की पुन्हा यायचं. मुलाला गर्दी सोसत नाही, ते किंचाळायला लागतं, आजूबाजूचे लोक वळून बघतात, आणि आई त्याला घेऊन बाहेर जाऊन बसते. तेवढ्यात नंबर पुकारला जातो. हे दृश्य इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

रोखठोक
सरकारी पेन्शन मिळतं ना पण? संजय गांधी निराधार वगैरे.

फळा
@रोखठोक, मिळतं. दिव्यांगांसाठी ते २०२५मध्ये वाढवून महिना २,५०० रुपये केलं, आणि ही वाढ मोठीच आहे, उगाच नाकारत नाही. पण उत्पन्नाची मर्यादा बघा: दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० रुपये. म्हणजे घराचं महिन्याचं उत्पन्न चार हजारांच्या आसपास. खरोखर एवढ्यावर कुठलं घर चालतं? तहसीलच्या दाखल्यावर जो आकडा येतो तो सगळ्यांना माहीत असतो, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. ज्याला तो आकडा लिहून घ्यायचं जमलं त्याला पेन्शन मिळालं. ज्या शिपायाचा पगार स्लिपवर येतो त्याला नाही.

बेरीजवजा
मी सीए आहे, माझा भाचा मध्यम गटातला आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. टक्केवारीचा एक प्रकार बऱ्याच पालकांना माहीत नसतो.

बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी गटावरून ठरते. सौम्य गटाला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९०, अतितीव्रला १००. मधले आकडे नाहीत. आता आयकरातली ८०डीडी वजावट घ्या. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्यावर असेल तर १,२५,०००. केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन, ते ३०० रुपयांचं, तेही ८० टक्क्यांच्या वर आणि दारिद्र्यरेषेखाली. म्हणजे मध्यम गटातलं मूल ठरवल्यासारखं पाच टक्क्यांनी बाहेर राहतं. पण आडवाट यांनी जे लिहिलंय, एकटं ठेवता येत नाही, ते मध्यम गटातल्या बहुतेकांना लागू आहे. घराची कमाई थांबायला ७५ टक्के पुरतात, मोठी सवलत मिळायला पुरत नाहीत.

८०डीडीबद्दल दोन गोष्टी आणखी. ती प्रत्यक्ष खर्चाशी बांधलेली नाही, ठरावीक रकमेची आहे, त्यामुळे बिलं जमवत बसू नका, प्रमाणपत्र लागतं. आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. ऑफिसात सगळे नवी घेतात म्हणून डोळे झाकून नवी घेऊ नका, दोन्हीकडून हिशेब करून बघा. भाऊ-बहिणीसाठीही ती घेता येते, तो भाऊ किंवा बहीण तुमच्यावर अवलंबून असेल तर.

अवांतर: ही टक्केवारी ज्या सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीवर बरीचशी अवलंबून असते, त्या व्हाइनलँड चाचणीचं भारतीय रूप नागपुरात डॉ. मालिन यांनी तयार केलं. चाचणीत विचारतात ते सगळं घरगुती असतं: कपडे कोण घालतं, एकटा कुठवर जातो, पैसे हाताळतो का. त्यामुळे उत्तरं देताना प्रौढी मिरवायची नाही. 'हो, सगळं करतो आमचा' असं म्हणून मोकळे होणारे आजोबा मी पाहिले आहेत. मागे उभं राहून, दहा वेळा सांगून करवून घेतलं तर ते 'करतो' नव्हे.

आडवाट
@बेरीजवजा, हे पाच टक्क्यांचं मी प्रत्येक मेळाव्यात सांगते. शेवटचा परिच्छेद सगळ्या आजोबांना पाठवायला हवा.

संख्याप्रेमी
या विषयातला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमर्त्य सेन यांनी ब्रिटनमधल्या एका संशोधनाचा दाखला अनेकदा दिला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत राहणारे लोक एकूण १७.९ टक्के. घरात दिव्यांग माणूस असलेल्या कुटुंबांपुरतं बघितलं तर २३.१ टक्के. आणि तेवढंच जगणं जगायला दिव्यांगत्वामुळे जो जास्तीचा पैसा लागतो तो हिशेबात धरला तर ४७.४ टक्के. ब्रिटनसारख्या देशात, जिथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सरकारी आधार आहे तिथे ही स्थिती.

म्हणजे दोन वेगवेगळ्या तुटी आहेत. एक, कमाई कमी होते. दोन, तेवढ्याच कमाईत कमी जगता येतं. आपल्याकडचा उत्पन्नाचा दाखला फक्त पहिली बघतो. ३०,००० पगाराची दोन घरं त्याच्या लेखी सारखीच.

मुक्कामपोस्ट
मी वडील आहे. बाबांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो, सहानुभूतीसाठी नाही.

मुलगा तीव्र गटात. माझी कमाई थांबली नाही, पण मी नोकरी बदलू शकलो नाही. ऑफिसातून घर दहा मिनिटांवर, फिट आली की निघता येतं, साहेब समजूतदार. ही तिन्ही सुखं दुसरीकडे मिळतील याची खात्री नाही, म्हणून बरोबरचे लोक कुठल्याकुठे गेले आणि मी त्याच खुर्चीत आहे. याला नुकसान म्हणायचं की नाही मला कळत नाही, पण हिशेबात धरायचं तर धरा.

दुसरं, माणसं तुटतात. लग्नकार्यात मुलाला घेऊन जायचं तर तो पंगतीत शेजारच्याच्या ताटात हात घालणार, मोठ्याने ओरडणार. सुरुवातीला लोक 'असू दे हो' म्हणतात. मग पत्रिका यायची पण कुणी आग्रह करायचा नाही. मग पत्रिकाही नाही. आम्हालाही सुटल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण पैशाच्या अंगाने याचा परिणाम लक्षात यायला वेळ लागला. नातेवाईक तुटले की उसने पैसे आणि उसना वेळ, दोन्ही तुटतात. बायकोचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मुलाकडे दोन दिवस कोण बघेल, यासाठी पूर्ण यादीत एक नाव निघेना. पैसे देऊन माणूस ठेवला. सोसायटीत कुणाकुणाचे भाडेकरार याच कारणाने वाढवले जात नाहीत तो वेगळाच विषय, 'रात्री आवाज येतो' एवढंच कारण देतात.

तळटीप
@मुक्कामपोस्ट, 'उसना वेळ' अगदी पटलं.

रोखठोक
वाईट वाटतं वाचून. पण मला एक समजत नाही. इतके पालक आहेत तर सगळ्यांनी मिळून निवासी संस्था का काढत नाही? दर महिन्याला थेरपीवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा एकत्र केला तर? सरकारची वाट बघायची सवय आपल्या लोकांना फार.

आडवाट
काढल्या आहेत की. बदलापूरची 'आधार' पालकांनीच उभी केली, डोंबिवलीजवळच्या खोणीचं 'घरकुल' अमेय पालक संघटनेचं. 'परिवार' हा पालक संघटनांचा देशपातळीवरचा महासंघ १९९५पासून आहे. उलट मी म्हणेन की या क्षेत्रात जे काही उभं आहे त्यातलं पुष्कळसं पालकांनी आणि शिक्षकांनी सरकारची वाट न बघता केलं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची आणि पुण्याची कामायनी १९६४ची. मानसिक दुर्बलतेचा कायद्यात अपंगत्व म्हणून समावेश झाला १९९५ला. आणि तेव्हाही सरकारी नोकरीतलं ३ टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांनाच, आपल्या मुलांना नाही. ते २०१६च्या कायद्यात आलं, तेही स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार यांच्यासोबत मिळून एक टक्का.

पण पालकांनी काढलेल्या संस्थेत शिरायला अनामत लागते, महिन्याचा खर्च लागतो. ज्यांची एक कमाई वीस वर्षं बंद होती ते अनामत कुठून आणणार? मी ज्या अलीकडच्याबद्दल म्हणत होते ते हेच.

शिवाय मुलं आता जगतात, देवाच्या दयेने. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य अमेरिकेत १९८३च्या सुमारास २५ वर्षं होतं, आता साठीच्या घरात आहे. हृदयाची शस्त्रक्रिया होऊ लागली, मुलं संस्थांतून कोंडून न ठेवता घरी वाढू लागली, त्याचा हा परिणाम. त्यांच्यात स्मृतिभ्रंश मात्र फार लवकर येतो, चाळिशी-पन्नाशीतच. म्हणजे आर्थिक नियोजन आपल्या आयुष्याचं, अधिक त्याच्या म्हातारपणाचं. जुन्या संस्थांमध्ये आता राहणारेच वृद्ध झालेत, नवी जागा रिकामी होत नाही.

धाकटा
बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो. मी भावंड आहे. दादा माझ्यापेक्षा मोठा, ४० पार.

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात 'नियोजन' हा शब्द येतो. आमच्या घरचं नियोजन म्हणजे मी. कुणी मला विचारलं नाही. 'तू आहेसच' हे वाक्य मी सहावी-सातवीपासून ऐकतोय. लग्नाच्या बोलण्यांमध्ये दादाचा विषय आला की समोरची मंडळी आवाज खाली घेऊन विचारायची: घराण्यात आहे का? जन्माच्या वेळी श्वास कोंडला होता, आनुवंशिक काही नाही, हे सांगूनही 'कळवतो' म्हणायचे. माझ्या बायकोने मात्र पहिल्याच भेटीत विचारलं की दादांना माझ्या हातचं काही आवडेल का. असो.

दादाला मी सांभाळणारच आहे. तक्रार ती नाही. तक्रार ही आहे की आईबाबांनी घर दोघांच्या नावावर 'समान' केलं आणि त्यात त्यांना न्याय केल्यासारखं वाटतं. दादाच्या नावावरची अर्धी जागा दादाच्या औषधासाठीही मला विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, कारण तो सही करू शकत नाही आणि त्याचा कायदेशीर पालक कुणीच नाही. आईबाबांना सांगायला गेलं की वाटतं मला घर हवंय.

बेरीजवजा
@धाकटा, फार नेमकं लिहिलंत, आणि हे घराघरात आहे. थोडं स्पष्ट करतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ने तो जुना अपवाद पुसला. त्याआधी जन्मतः मतिमंद माणसाला वारसा नाकारला जायचा. तर तुमच्या दादांचा हक्क पक्का आहे, तो बजावणारं माणूस नाही. अठरा पूर्ण झाली की आईबाप नैसर्गिक पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. त्यासाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. ते प्रमाणपत्र बँका मान्य करतात. आईवडील हयात असताना पालकत्व घ्या.

पालक झालेल्याला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. लोक याला कटकट म्हणतात. तुमच्या जागी मी असतो तर आनंदाने दिला असता. उद्या एखादा काका किंवा चुलतभाऊ 'पैसे खाल्ले' म्हणाला तर दाखवायला सरकारदरबारी कागद असतो. आणि आईवडिलांनी तुमच्या हिश्श्याचं वेगळं, दादांचं ट्रस्टमध्ये वेगळं असं करून ठेवलं तर तुम्ही भाऊ राहता, वहिवाटदार होत नाही. ट्रस्ट मृत्युपत्रातून करायचा की हयातीत, यावर कर किती लागेल ते ठरतं, त्यामुळे करारनामा डाउनलोड करून भरू नका, वकिलाकडे जा.

धाकटा
हे प्रिंट काढून बाबांना देतो. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा नेटवरच्या अनोळखी माणसाचं त्यांना पटेल. :)

निवृत्त_कारकून
सरकारी नोकरीत असलेल्यांनी एक काम आजच करावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मुलाला मानसिक किंवा शारीरिक दिव्यांगत्वामुळे स्वतःचे पोट भरता येत नसेल तर कुटुंब निवृत्तिवेतन वयाच्या २५ वर्षांनंतरही, तहहयात मिळते. नाव पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) आपण हयात असतानाच नोंदवून घेता येते. नंतर मुलाच्या वतीने कार्यालयांत फेऱ्या मारायला कुणी नसते. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे प्रकरण, वडील गेल्यावर, दप्तरात कोठे अडकले होते हे शोधायलाच खूप काळ गेला. २०२१मध्ये उत्पन्नाची अटही सैल केली आहे. मुलाचे इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असले तरी पुरते. त्यामुळे त्याच्या नावाने थोडी ठेव आहे म्हणून घाबरू नये.

खाजगीतल्यांनी निराश होऊ नये. ईपीएस ९५मध्येही (पीएफसोबतची १९९५ची पेन्शन योजना) पूर्ण आणि कायमचे दिव्यांगत्व असलेल्या अपत्याला वयाची अट न लावता पेन्शनची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी असते, पण सोडू नये. आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना दिव्यांग मुलाची देखभाल करत असल्यास फिरत्या बदलीतून सूट मागता येते, २०१४चा आदेश आहे. आडवाटताईंच्या यजमानांची नोकरी कोणती माहीत नाही, पण बढती नाकारण्याआधी इतरांनी हे बघावे.

आडवाट
@निवृत्त_कारकून काका, पीपीओचं सोन्यासारखं आहे. धागा वर ठेवायची विनंती संपादकांना करते.

जाई_जुई
मुलीच्या आईने लिहायलाच हवं असं एक राहिलंय. मुलगी वयात आली की पुन्हा एक कमाई धोक्यात येते. तोवर शेजारच्या आजींकडे तासभर ठेवता येत होतं, आता कुणाकडेच ठेवता येत नाही. पाळीच्या दिवसांत शाळा नाही म्हणते. तिला काय होतंय हे सांगता येत नाही, मग ती हात चावून घेते. माझी अर्धवेळ नोकरी होती, तीही याच वर्षांत गेली.

आणि मग लोक हळू आवाजात 'पिशवी काढून टाका' सुचवतात. नातेवाईकच नाही, शिकलेसवरलेलेही. १९९४ला शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींवर तशा शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आता २०१६च्या कायद्यात कलम १० आहे: दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. मला कायदा पटतो. पण कायदा सांगणाऱ्यांपैकी कुणी दुपारी दोन ते सहा माझ्या मुलीजवळ बसत नाही, हेही लिहून ठेवते.

फळा
@जाई_जुई, दुपारी दोन ते सहा हाच खरा विषय आहे. सगळे निधी इमारतीला आणि साहित्यवाटपाला. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडे त्यातून वर्षातून एकदा घरटी काही रक्कम वाटतात, फोटो काढतात. त्याच पैशात गावातल्या दोन बायांना शिकवून चार-सहा मुलांसाठी दुपारचं केंद्र चाललं असतं. तेवढ्या आया कामावर गेल्या असत्या. मी ग्रामसभेत मांडलं. सरपंचबाई म्हणाल्या, बाई, वाटप केलं नाही तर लोक मला विचारतील. त्यांचंही चूक नाही, ज्याला दोन हजार मिळतात त्याला ते हवेच असतात.

शाळा अठराला संपते ती दुसरी दरी. चौदा वर्षं मुलाला बसायला, वाट बघायला, रांगेत उभं राहायला शिकवायचं आणि अठराव्या वाढदिवसानंतर घरी बसवायचं. कार्यशाळा आहेत, पण मोठ्या गावांत. कागदी पिशव्या, फाइली, पणत्या रंगवणं. त्यातून मुलाला मिळणारं मानधन फार नसतं. कार्यशाळेचा आर्थिक फायदा त्या मानधनात मोजू नका, आईला दिवसाचे सहा तास मिळतात त्यात मोजा.

संख्याप्रेमी
२०११च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांगत्वाच्या गटात देशभर १५ लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. घरी येणाऱ्या प्रगणकाला 'आमच्याकडे असं कुणी नाही' सांगणारी घरं धरली तर खरा आकडा जास्तच असणार. आईच्या वेळेची मोजणी तर कुठेच होत नाही.

रोखठोक
पालकांनी एकत्र यावं असं मी म्हटलं होतं. फळाताईंचं दुपारचं केंद्र ही त्याच विचाराची स्वस्त आवृत्ती वाटते. आमच्या सोसायटीचा हॉल दुपारी रिकामाच असतो. विचारून बघतो.

मुक्कामपोस्ट
विचारा. आणि 'रात्री आवाज येतो'वाल्यांना आधी विचारा.

बेरीजवजा
निरामय राहिलं. राष्ट्रीय न्यासाचा आरोग्यविमा, १ लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि थेरपी व ओपीडीचाही काही भाग त्यात येतो. बाजारातले विमे आपल्या मुलांना दारातूनच परत पाठवतात, त्यामुळे हा घ्याच. आधी खिशातून भरून मग दावा करायचा असतो, म्हणून बिलं तारीखवार ठेवा. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

वळचण
पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा १९चा. नवरा मुलगा लहान असतानाच निघून गेला, घटस्फोट नाही, पत्ता नाही. मी चार घरी स्वयंपाक करते, मुलाला सोबत नेते, ओट्याजवळ स्टुलावर बसवते. दोन घरांनी चालवून घेतलं, बाकीच्यांनी सोडायला सांगितलं. पालकत्वाच्या अर्जावर बापाची सही लागते असं एका ठिकाणी सांगितलं आणि मी परत आले. बँकेत मुलाचं खातं त्यामुळे अडलंय आणि पेन्शनही. सही कुठून आणू?

बेरीजवजा
ताई, सही लागत नाही. नियमाप्रमाणे आईवडील दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो, पण मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्त होणं, सोडून जाणं यांपैकी काही असेल तर एकट्या पालकाला करता येतो. तुमचं 'सोडून जाणं'. तसं प्रतिज्ञापत्र करा, रेशनकार्डवर तुम्ही दोघंच असाल तर त्याची प्रत जोडा. अर्ज तोंडी परतवला तर परत येऊ नका, आवक विभागात द्या आणि पोच घ्या.

फळा
जिल्हा कोणता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. समितीवर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असतो, त्या जिल्ह्यातलं कुणी ओळखीचं आहे का बघते.

वळचण
व्यनि केला. प्रतिज्ञापत्र शंभरच्या स्टँपवर का पाचशेच्या?

बेरीजवजा
सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. सेतूत पाचशेचा घ्या म्हणाले तर घेऊ नका.